शिधापत्रिकेतील गरिबी आणि वेतनातील महागाई : शासकीय साहाय्याच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना
देहूरोड ही मूलतः लष्करी छावणी. तिच्या आसपासच्या वस्त्यांतील अनेक कुटुंबे मात्र पिंपरी-चिंचवड, तळेगाव व चाकण येथील कंत्राटी कामावर अवलंबून आहेत. हाताला काम असूनही महिनाअखेरीस उसनवारी करणाऱ्या या कुटुंबांना शासन गरीब मानते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निकषांतील विसंगती
महाराष्ट्रात १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या. त्यांत केशरी शिधापत्रिकेसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची कमाल मर्यादा १ लाख रुपये ठरली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ राबविताना प्राधान्य कुटुंबांसाठी शहरी भागात ५९,००० व ग्रामीण भागात ४४,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. २०२४ च्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत हीच मर्यादा अडीच लाखांची आहे. एकाच राज्यात एकाच घराचे दारिद्र्य मोजण्याची ही तीन मापे होत. समजा, घरातील एकटा कमावता कामगार दरमहा १२,००० रुपये मिळवितो. १,४४,००० रुपयांच्या या वार्षिक उत्पन्नावर त्याचे घर रोख मदतीस पात्र ठरते, परंतु प्राधान्य कुटुंबाच्या धान्यास अपात्र. कारण तेथील शहरी मर्यादा दरमहा ५,००० रुपयांहूनही कमी भरते.

निर्देशांकाचा प्रश्न
याहून गंभीर दोष निराळाच आहे. किमान वेतनातील विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी ठरविला जातो. म्हणजेच वेतनाच्या बाबतीत शासन महागाई मान्य करते. अन्नसुरक्षेची उत्पन्नमर्यादा मात्र पुढे दशकभर जागची हलली नाही. परिणामी केवळ झीज भरून काढण्यासाठी मिळालेला भत्ता उत्पन्नात गणला जातो आणि कुटुंब कागदोपत्री सधन होते. भाकरी तेवढीच राहते. ती महागली म्हणून खाणारा श्रीमंत ठरतो.

निधी मर्यादित असल्याने निवड अपरिहार्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. या कायद्यान्वये राज्याच्या शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोकांनाच सामावून घेतले असून लाभार्थ्यांचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यामुळे नुसती मर्यादा वाढविल्यास रांग लांबेल, धान्य वाढणार नाही. तथापि इष्टांक अपुरा असणे वेगळे आणि गरजूला गरजूच न मानणे वेगळे. पहिल्या स्थितीत उणीव दिसते, म्हणून मागणी करता येते. दुसऱ्या स्थितीत उणीवच झाकली जाते.

समारोप
दरमहा १,५०० रुपयांच्या मदतीने घराला आधार मिळतो, हे नाकारता येणार नाही. परंतु ही रक्कम शासन निर्णयावर चालते, तर धान्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे. हक्काचे दार अरुंद आणि योजनेचे दार रुंद, ही आजची रचना उलटी आहे. उत्पन्नमर्यादा निर्देशांकाशी जोडणे, इष्टांक नव्या लोकसंख्येनुसार ठरविणे आणि पात्रता मोजताना घरभाडे व खाणारी तोंडे विचारात घेणे, या तीन गोष्टी एकत्र झाल्याशिवाय कष्टकरी कुटुंबाला न्याय मिळाला, असे म्हणता येणार नाही.