कंडिशन व्हेरिएबल आणि शेपटाकडील शेत

कृष्णा कालवा कराडजवळील खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघून सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात उतरतो. महाराष्ट्रातील कालव्यांवर पाणी शेजपाळीने द्यावयाचे, म्हणजे शेपटाकडील शेतापासून आरंभ करून क्रमाक्रमाने मुखाकडे यावयाचे, असा दंडक आहे. मुखाकडच्यास पाणी केव्हाही उचलता येते. म्हणून दुर्बळाची पाळी आधी. तरीही पाटकऱ्याचा निरोप मिळून चारीवर जावे तो वर कोणी दार उघडल्याने चारी कोरडी, हा शेपटाकडच्यांचा जुनाच अनुभव होय.

संगणकाच्या कर्नलमध्ये अटीची वाट पाहणाऱ्या थ्रेडची स्थिती याहून फारशी निराळी नाही. होअर यांच्या १९७४ च्या मांडणीत जागा केलेल्या थ्रेडच्या हाती मॉनिटर तत्काळ सोपविला जाई. अट खरी असल्याची हमी त्यास मिळे. लॅम्पसन व रेडेल यांनी मेसा भाषेच्या अनुभवावर १९८० साली लिहिलेल्या निबंधात जागे करणे ही केवळ सूचना ठरविली. जागा झालेल्याने अट पुन्हा तपासावी. पुढे हीच रीत रूढ झाली, आणि ती सोयीची आहे यात संशय नाही. मात्र तिची स्तुती करणारे एक गोष्ट विसरतात. पुनर्तपासणीने चुकीचे काम टळते. काम होईलच, असे नव्हे. मधल्या अवधीत वरच्या प्राधान्याचा थ्रेड शिरला व अट खोटी झाली, तर खालच्याने पुन्हा निजावे. असे कितीदा, यास मर्यादा घातलेली नाही.

यावर प्राधान्याच्या वारशाचा उपाय सुचविला जातो. शा, राजकुमार आदींनी १९९० साली तो सविस्तर मांडला. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार नव्याने सुरू होऊ लागला, तेव्हा पृथ्वीवरून हाच उपाय लागू करून तो सावरण्यात आला. पण तेथे कुलूप एका कनिष्ठ कामाच्या हाती होते. धारक ठाऊक असल्याने त्यास वरचे प्राधान्य उसने देता आले. कंडिशन व्हेरिएबलला असा धनी नसतो. अट कोण पुरी करणार हेच कर्नलास कळत नाही, मग उसने द्यावे कोणास? शिवाय वारसा वाट मोकळी करतो ती वरच्याची.

पाळीपत्रकात नाव व वेळ आधीच लिहिलेली असते, त्यामुळे हुकलेली पाळी निदान दाखविता तरी येते. अट प्रोग्रॅमच्या पोटात असल्याने, सूचना मिळूनही रिकाम्या हाताने परतलेला थ्रेड कर्नलच्या लेखी पाणी मिळालेलाच असतो.