लाकडातील वस्त्र : काष्ठमूर्तींवरील चुण्या आणि ‘हुबेहूब’पणाचा निकष

प्रास्ताविक :
निगडी येथील भक्ती-शक्ती शिल्पसमूहासमोर उभा राहणारा प्रेक्षक प्रथम शिवाजी महाराज आणि संत तुकाराम यांच्या मुद्रा पाहतो. वस्त्रांकडे त्याचे लक्ष नंतर जाते. शिल्पसमीक्षेतही बहुधा असेच घडते. वस्त्राच्या चुण्यांना आपण सजावट समजतो आणि ‘हुबेहूब’ या एका शब्दात त्यांचे मूल्यमापन आटोपतो. काष्ठमूर्तींच्या बाबतीत हा निकष अपुरा, किंबहुना अन्यायकारक ठरतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

निकषाची मर्यादा :
गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ (१८९६) ही वास्तवदर्शी वस्त्रांकनाचे उत्तम मराठी उदाहरण होय. साडीतून देहाची ठेवण तेथे सहज जाणवते. परंतु ही कृती प्लास्टरमधील आहे. प्लास्टरच्या ओतकामापूर्वी मातीत घडण करताना भर घालता येते, चूक बुजविता येते. लाकडात केवळ काढून टाकणे असते. निघालेली ढलपी परत येत नाही.

लाकडाच्या अटी :
वस्त्राची चुणी आधारापासून सुरू होते. खांदा, कोपर, कंबर, गुडघा हे ते आधार होत. एका आधारावरून कापड सरळ लोंबते, दोन आधारांमध्ये ते झोळीसारखे झुकते. म्हणून कारागिराला आधी वस्त्राखालचा देह ठरवावा लागतो, मग मोठे उठाव, आणि शेवटी गोल पटाशीने खोलगट भाग. तंतूंच्या दिशेने उतरणारी चुणी टिकते. तंतूंना आडवी जाणारी पातळ कड सहज तुटते.

आपल्या औद्योगिक पट्ट्यातील फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारा कारागीर त्याच्या बाजूंना उतार देतो, कारण वाळूतून पॅटर्न अलगद निघावयाचा असतो. आत वळलेली खाच तेथे दोष ठरते. मूर्तिकाराला मात्र तीच खाच हवी असते, कारण तिच्यामुळे सावली पडते व सावलीमुळे लाकूड कापड वाटू लागते. ती किती खोल न्यावी, हा त्याच्या विवेकाचा प्रश्न असतो.

गोव्याचे उदाहरण :
जुने गोवे येथील सांता मोनिका मठात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात घडलेल्या संतमूर्तींमागील स्थानिक कारागीर बहुतांशी अनामिक राहिले. युरोपीय मुद्राचित्रे हे त्यांच्यापुढील नमुन्यांपैकी एक होते. कागदावर चुणी ही केवळ रेषा असते. तिला खोली देण्याचा निर्णय कारागिराचाच. त्यामुळे अशा मूर्तींच्या वस्त्रांत रेषेची लय प्रबळ दिसली, तर तिला ‘फसलेले अनुकरण’ म्हणणे घाईचे होईल.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. रंगीत काष्ठमूर्तीच्या परंपरेत कोरीव कामावर खडू व सरस यांचे अस्तर, त्यावर सोन्याचा वर्ख आणि रंग चढविला जाई. कोरडा रंग खरवडून खालचे सोने उघडे केले की जरीचा भास होई. अस्तराने बारीक खाचा बुजत. साहजिकच कोरणारा ठळक चुण्या कोरी आणि कापडाचा पोत रंगकाऱ्यावर सोपवी. रंग उडालेल्या मूर्तीच्या चुण्या ‘ओबडधोबड’ ठरविणारा समीक्षक अर्ध्याच कलाकृतीचा निवाडा करीत असतो.

निष्कर्ष :
याचा अर्थ प्रत्येक मूर्ती निर्दोष मानावी असा नव्हे. देहाशी संबंध नसलेल्या, सवयीने ओढलेल्या समांतर खाचा हा दोषच होय. मात्र तो ठरविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : चुणी कोणत्या आधारापासून निघाली? तंतूंच्या मर्यादेत तिने सावली कशी साधली? आणि तिच्यावरील रंग-वर्खाचे काम आज शिल्लक आहे काय? कलास्वादाच्या अध्यापनात ‘हे खरे दिसते का?’ याच्या जोडीला हे प्रश्न आले, तर त्या अनामिक हातांना नक्कलकारांऐवजी निर्णय घेणाऱ्या कलावंतांचे स्थान मिळेल.