चोविसाव्या हिश्श्याचा ट्रक

दिवाळीत मुनिरकाच्या डीडीए फ्लॅटच्या बाल्कनीत आम्ही किल्ला करतो. माती नर्सरीतून विकत आणावी लागते, मावळे पुण्याहून येतात आणि सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरचे काका किल्ला बघायला आले. मूळचे कोल्हापूरचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, महाराजांना आत शिरायचं तर वाकावं लागेल की!" माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, महाराज मोठेच असतात." काकांनी मान डोलावली. "बरोबर आहे बाळा. तेही एक मापच म्हणायचं." मग मला म्हणाले, "वर ये एकदा. माझं माप दाखवतो."

काकांचं माप म्हणजे चोविसावा हिस्सा. खऱ्या वस्तूच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच. त्या मापाने ते प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून एक टाटाचा ट्रक बांधत होते. साधारण मीटरभर व्यासाचं चाक तिथे ४२ मिलिमीटरचं होतं. मी अनुवादाचं काम करते. मुळाशी इमान राखणं म्हणजे काय, हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचाच आहे. त्या खोलीत तो प्रश्न कटर, पॉलिश पेपर आणि पातळ ब्रश घेऊन टेबलाशी बसलेला दिसला. म्हणून हा लेख.

प्रतिकृतीबद्दल आपल्या अभ्यासक्रमात वाचलेलं एक प्रसिद्ध विवेचन आहे. क्लोद लेव्ही-स्त्रोसने १९६२ च्या 'ला पाँसे सोव्हाज' या पुस्तकात म्हटलं की, लहान केलेल्या वस्तूत आपल्याला आधी अखंड वस्तू कळते आणि मग तिचे भाग. तिचा आनंद यातून येतो. बघणाऱ्याच्या बाबतीत हे खरं आहे. मलाही दारातून आधी ट्रक दिसला, नंतर त्याची स्टेपनी. पण बांधणाऱ्याकडे अखंड ट्रक सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी त्याने शंभर निवडी केलेल्या असतात, आणि समीक्षेने बोलायला हवं ते या निवडींबद्दल.

पहिली निवड म्हणजे, नेमका कोणता ट्रक? अमेरिकन पीटरबिल्टचे किंवा युरोपातल्या स्कानियाचे सुटे भाग तयार डब्यात मिळतात. काकांच्या मनातल्या ट्रकचा तसा डबा त्यांना मिळाला नाही, आणि याचं कारण बाजारापुरतं नाही, असं मला वाटतं. आपल्याकडचा जुना ट्रक एका कारखान्यात पूर्ण होतच नसे. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार केला, जमशेदपूरला जर्मन आराखड्याचे ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये करार संपल्यावर मर्सिडीजचा तारा गेला. पण कारखान्यातून बाहेर पडायची ती बहुधा चॅसिस आणि इंजिन. पुढे सुतार हौदा बांधणार, पेंटर कमळं आणि मोर काढणार, मालक मुलांची नावं लिहून घेणार. म्हणजे जर्मन मूळ, जमशेदपूरचं रूपांतर आणि त्यावर गावोगावची पाठांतरं. ओवीसारखंच. प्रमाण संहिता नाही, प्रत्येक गळ्यातली वेगळी. अशा वस्तूची सर्वसाधारण प्रतिकृती होऊ शकत नाही. एखाद्या ठरावीक नंबरप्लेटच्या ट्रकचीच होऊ शकते.

शर्यतीची गाडी याच्या अगदी उलट टोकाला असेल, अशी माझी समजूत होती. कपाटात काकांनी पूर्वी बांधलेली १९८८ ची मॅक्लारेन एमपी४/४ होती, विसाव्या हिश्श्याची. त्या मोसमातल्या १६ पैकी १५ शर्यती सेना आणि प्रोस्त यांनी हिच्यावर जिंकल्या. लाल-पांढऱ्या अंगावर जिथे सिगारेटचं नाव असायला हवं तिथे काहीच नव्हतं. आता अशा डब्यांत तंबाखूच्या जाहिरातींचे स्टिकर सहसा देत नाहीत. हौशी लोक ते वेगळे मागवतात. मी म्हटलं, "काका, हे तर सेन्सॉर झालेलं भाषांतर." ते म्हणाले, "कुठल्या शर्यतीतली गाडी, त्यावर आहे ते." तेव्हाही जिथे अशा जाहिरातींना मनाई असे, तिथल्या शर्यतीत खऱ्या गाडीवरसुद्धा ते नाव नसे. म्हणजे मोकळी जागा ही चूक की अचूकता, हे शर्यतीचं ठिकाण माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. ट्रकचंही तेच. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ साली 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. फाळक्यावर ही अक्षरं काढायची की नाही, हे ट्रक कुठल्या सालातला आहे यावर ठरणार.

या छंदात रिवेट मोजणाऱ्यांची एक जात असते. अनुवादाच्या परीक्षणातही असते: पान अमुक, ओळ तमुक, शब्द चुकला. त्यांची गरज आहे, मी त्यांची ऋणी आहे. पण कुठल्या दिवसाची प्रतिकृती आहे हे न विचारता मोजलेले रिवेट निरुपयोगी असतात.

दुसरी निवड साहित्याची. हौद्याच्या फळ्या मला हुबेहूब सागवानी वाटल्या. त्या प्लास्टिकच्या होत्या. काकांनी करवतीचं पातं ओढून त्यांवर रेषा उमटवल्या होत्या. खरं लाकूड का नाही वापरलं? कारण लाकडाच्या रेषा लहान होत नाहीत. खऱ्या फळीचा तुकडा या मापात लावला तर त्याच्या रेषा चोवीस पट जाड दिसतात आणि सगळा ट्रक खोटा पडतो. मूळची वस्तू जशीच्या तशी उचलून ठेवणं म्हणजे निष्ठा, असं मानणाऱ्या माझ्यासारखीला हा धडा जरा झोंबला.

तिसरी गोष्ट वजनाची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोविसाव्या हिश्श्याला आल्या की वजनाचा १३,८२४ वा हिस्सा उरायला हवा. सोळा टनांच्या भरलेल्या ट्रकचा साधारण सव्वा किलो. काकांचा ट्रक त्याहून पुष्कळ हलका होता, आणि तो तेवढा जड केला तरी मागचे पाटे त्या वजनाने वाकले नसते, खरी ताडपत्री खाली झुकली नसती. कापड या मापात ताठच उभं राहतं. म्हणून काकांनी ताडपत्री टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून केली होती आणि पाटे आधीच सपाट दबलेले बनवले होते. ओझं लहान करून आणता येत नाही. त्याने काय काय वाकवलं, ते दाखवावं लागतं.

हे सगळं बघत असताना काकांनी मागच्या झडपेवर बोट ठेवून विचारलं, "याला काय म्हणतात, आठवतं का?"

"फाळका," मी लगेच म्हटलं, आणि गप्प झाले.

गेली दोन वर्षं मी एका हिंदी कथासंग्रहाचा अनुवाद करते आहे. त्यातली एक दीर्घकथा दिल्लीच्या ट्रान्सपोर्ट नगरात घडते. मूळ कथेतला 'डाला' मी 'ट्रकचं मागचं दार' असा केला होता. हौद्याचा 'मागचा भाग' केला होता. मी सांगली भागात उसाच्या ट्रकांमागून सायकल चालवत शाळेत गेले आहे; हौदा, फाळका हे शब्द मला शिकावे लागले नव्हते. ते मी लिहिले नाहीत, कारण माझ्या आधीच्या पुस्तकाच्या परीक्षणात 'अनुवाद वाटतच नाही' असं कौतुक झालं होतं आणि मला ते पुन्हा हवं होतं. हा शेरा आपल्याकडे सर्वोच्च प्रशस्ती मानला जातो. त्याने मला एक सवय लावली: कुठेही अडखळायला नको असा, कुणाच्याच मालकीचा नसलेला ट्रक लिहायची. वाचक अडखळला नाही खरा, पण त्याला कुठलाच ट्रक दिसला नाही.

फाळका आणि हौदा परत बसवणं सोपं गेलं. अवघड आहे तो 'उस्ताद'. कथेतला क्लीनर मुलगा ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो. गाडी शिकायची म्हणून तो वर्षानुवर्षं जवळजवळ फुकट राबतो, शिव्या खातो, आणि हे सारं त्या एका हाकेत असतं. मी 'ड्रायव्हरसाहेब' लिहिलं होतं. पाटे सरळच राहिले होते. 'उस्ताद' तसाच ठेवला तर मराठीत तबला ऐकू येतो किंवा लबाडी दिसते. खरं लाकूड, पण रेषा जाड.

काकांना विचारलं. त्यांनी ब्रश खाली न ठेवता म्हटलं, "वस्ताद म्हण की. आमच्या तालमीत पोरं असंच राबायची."

सध्या मी 'वस्ताद' लिहिलं आहे. शिकवणं, धाक, फुकटची मेहनत हे सगळं त्या शब्दात येतं. सोबत कोल्हापूरची लाल मातीही येते, आणि ट्रान्सपोर्ट नगरातल्या त्या मुलाच्या अंगावर ती नव्हती. त्याच्या अंगावर ग्रीस होतं. ग्रीस दिसेल अशी वाक्यं आजूबाजूला करता येतात का, ते बघते आहे. दिवसा दिल्लीत ट्रकना मनाई असते. रात्री अकरानंतर आउटर रिंग रोडवरून त्यांची रांग सुरू होते आणि आमच्या खिडकीची काच थरथरते. त्या वेळी मी हे पान पुन्हा काढते. आता बाल्कनीतून बघताना माझी नजर आधी पाट्यांकडे जाते.