बालकांतील भावशून्यता : जन्मजात की शिकविलेली? (‘उचल्या’च्या संदर्भात एक चिकित्सा)

अपराधभावाचा अभाव, परदुःखाविषयी अनास्था आणि उथळ भावना या लक्षणांच्या समूहास बालमानसशास्त्रात ‘कठोर-भावशून्य गुणवैशिष्ट्ये’ असे संबोधले जाते. एसी व्हिडिंग व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील सात वर्षांच्या जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतितीव्र भावशून्यता असलेली मुले व सर्वसाधारण मुले यांच्यातील फरकाचा सुमारे ६७ टक्के भाग आनुवंशिक घटकांनी स्पष्ट होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा त्या लोकसमूहापुरता आहे. तो एखाद्या मुलाविषयी वा जमातीविषयी काहीही सांगत नाही. शिवाय मुलांचे मूल्यमापन शिक्षकांनी केले होते, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात तिचे महत्त्व अधिकच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. पुढे १९११ च्या कायद्याने त्यांच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे करण्याचा अधिकार सरकारला दिला. गुन्हेगारी रक्तातच असेल, तर ताटातुटीने ती सुधारणार कशी? हा अंतर्विरोध कायदेकर्त्यांना जाणवला नाही. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आत्मकथन येथे मोलाचे ठरते. त्यात चोरी हे मुलांना शिकविले जाणारे कौशल्य आहे. पोलिसांचा मार सहन व्हावा म्हणून घरच्याच माणसांकडून मार खाण्याची सवय लावणे हा त्या शिक्षणाचाच भाग होय. मार खाऊनही न रडणारे असे मूल शिक्षकाच्या प्रश्नावलीत भावशून्य ठरण्याचा संभव आहे. वस्तुतः ती भावनेची उणीव नसून भावना दडविण्याची कमावलेली शक्ती असते.

अर्थात, एका आत्मकथनाने जनुकीय संशोधन खोटे ठरत नाही. प्रौढपणी आठवून लिहिलेल्या लेखनाच्या मर्यादा ‘उचल्या’लाही आहेतच. तथापि जे मोजले जाते ते नेमके काय, हा प्रश्न ते उपस्थित करते. ल्यूक हाइड व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील दत्तक मुलांच्या अभ्यासातही जन्मदात्या मातेकडून आलेली जोखीम दत्तक मातेच्या कौतुकाने व प्रोत्साहनाने सौम्य झालेली आढळली.

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या तालुक्यांतील पारधी वस्त्यांवरची मुले शाळेत येतात, तेव्हा हा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहत नाही. पारधी व उचल्या या जमाती भिन्न असल्या, तरी कलंकाचा वारसा समान आहे. म्हणून मुलाच्या मौनाचे निदान करण्यापूर्वी त्या मौनाचा इतिहास शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे ठरते. अन्यथा १८७१ चाच निवाडा विज्ञानाच्या परिभाषेत पुन्हा दिला जाईल.