ॲक्युपंक्चरमधील बिंदुनिवड : 'चार प्रमुख बिंदूं'च्या सूत्राची चिकित्सा

प्रस्तावना :

सामान्य आजारांवरील ॲक्युपंक्चर उपचारांची माहिती देणाऱ्या पुस्तिकांमध्ये एक तक्ता हमखास आढळतो. एका रकान्यात डोकेदुखी, कंबरदुखी, अपचन, मळमळ अशी आजारांची नावे असतात आणि दुसऱ्या रकान्यात सुई टोचावयाच्या बिंदूंची नावे असतात. असा तक्ता नवशिक्याला सोयीचा वाटतो; परंतु अमुक आजारासाठी अमुकच बिंदू का, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. बिंदूची निवड महत्त्वाची असेल तर ती चुकल्याने रुग्णाचे नुकसान होईल, आणि ती फारशी महत्त्वाची नसेल तर या शास्त्राच्या अध्यापनाची मांडणीच तपासावी लागेल. प्रस्तुत लेखात 'चार प्रमुख बिंदूं'च्या पारंपरिक सूत्राच्या आधारे बिंदुनिवडीच्या तर्काचे परीक्षण केले आहे.

सूत्राचे स्वरूप :

हे सूत्र मिंग राजवटीच्या काळातील शू फेंग यांच्या 'झेनजिऊ दाच्वान' या ग्रंथात पद्यरूपाने आढळते. शरीराच्या चार भागांसाठी त्यात चार बिंदू नेमून दिले आहेत. पोटाच्या तक्रारींसाठी गुडघ्याखालील झूसानली, पाठ व कंबरेसाठी गुडघ्यामागील घडीच्या मध्यावरील वेइझोंग, डोके व मानेसाठी मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस असलेला लिएच्वे, तर चेहरा व तोंडासाठी अंगठा आणि तर्जनी यांच्या हाडांमधील हेगू, अशी ही योजना आहे. चारही बिंदू कोपराच्या किंवा गुडघ्याच्या आसपास अथवा त्यापलीकडे आहेत. दुखणाऱ्या जागेवर त्यांपैकी एकही नाही. यामागे मेरिडियनची, म्हणजे ऊर्जावाहिनीची, संकल्पना आहे. वेइझोंग हा मूत्राशयाच्या वाहिनीवर येतो व ती वाहिनी पाठीवरून जाते. हेगू ज्या मोठ्या आतड्याच्या वाहिनीवर आहे, ती नाकाशेजारी संपते.

लिएच्वेच्या बाबतीत मात्र हा तर्क सरळ लागू पडत नाही. तो फुप्फुसाच्या वाहिनीवर आहे आणि ती वाहिनी डोक्यापर्यंत पोहोचतच नाही. परंपरा याचे स्पष्टीकरण असे देते की, हा 'जोडबिंदू' असून तो फुप्फुसाची वाहिनी मोठ्या आतड्याच्या वाहिनीशी जोडतो. यावरून एक गोष्ट लक्षात येते. नियम आणि अपवाद या दोहोंचेही स्पष्टीकरण देऊ शकणारी चौकट शिकवण्यास सुलभ असते. परंतु ती खोटी ठरण्याची शक्यता जितकी कमी, तितके तिचे पुरावामूल्यही कमी असते.

सूत्र आणि निदान :

परंपरेचा खरा आग्रह सूत्रावर नसून निदानावर आहे, हे विसरता येत नाही. डोकेदुखी कपाळाची, कानशिलाची, मानेमागची की टाळूची, यानुसार वेगवेगळ्या वाहिन्यांवरील बिंदू निवडले जातात. कंबरदुखीतही थंडी व ओलाव्याचा प्रभाव, रक्ताचे साकळणे किंवा मूत्रपिंडाची दुर्बलता असे भेद केले जातात. म्हणजेच तक्त्यातील एका ओळीमागे परंपरेत निदानाची संपूर्ण प्रक्रिया गृहीत धरलेली असते. तक्ता ती प्रक्रिया गाळून केवळ निष्कर्ष पुढे ठेवतो.

तथापि ही प्रक्रिया तरी कितपत स्थिर आहे? २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या एकाच रुग्णाची सात ॲक्युपंक्चर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी केली. त्यांनी मिळून २८ बिंदू सुचविले. त्यांपैकी केवळ ४ बिंदू दोन किंवा अधिक तज्ज्ञांच्या यादीत समान होते. एका रुग्णावरून सर्वसाधारण विधान करता येत नाही हे खरे. तरीही व्यक्तिगत निवडीच्या अचूकतेविषयीचा दावा तपासून पाहण्याची गरज त्यातून अधोरेखित होते.

प्रायोगिक पुरावा :

हा दावा थेट तपासणारी चाचणी चेर्किन व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केली. दीर्घकालीन कंबरदुखीच्या ६३८ रुग्णांचे तिच्यात चार गट होते. पहिल्या गटाला रुग्णानुसार निवडलेले बिंदू, दुसऱ्याला सर्वांसाठी ठरावीक बिंदू, तिसऱ्याला त्याच ठरावीक बिंदूंवर दात कोरण्याच्या काडीने केलेला, त्वचेत न शिरणारा आभासी उपचार, तर चौथ्याला केवळ नेहमीचे वैद्यकीय उपचार देण्यात आले. आठ आठवड्यांनंतर पहिल्या तिन्ही गटांतील सुमारे ६० टक्के रुग्णांच्या दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा आढळली. चौथ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. तिन्ही गटांत परस्पर फरक मात्र दिसला नाही. जर्मनीतील १,१६२ रुग्णांच्या चाचणीतही (२००७) पारंपरिक बिंदूंवरील उपचाराला ४७.६ टक्के, बिंदू टाळून केलेल्या वरवरच्या टोचणीला ४४.२ टक्के व प्रचलित उपचारांना २७.४ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला.

यावरून ॲक्युपंक्चर निरुपयोगी ठरते असे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, २०,८२७ रुग्णांच्या माहितीवर आधारित एकत्रित विश्लेषणात दीर्घकालीन वेदनांवर ॲक्युपंक्चरचा परिणाम आभासी उपचारापेक्षा अधिक आढळला. पण हा फरक, उपचार न घेणाऱ्यांशी असलेल्या फरकाच्या मानाने लहान होता. लाभाचा बराच भाग स्पर्श, अपेक्षा, उपचारकाने दिलेला वेळ यांतून येत असावा, असा अर्थ यातून निघतो.

मळमळीचे उदाहरण याहून वेगळे आहे. मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून दोन 'त्सुन' वर असलेल्या नेइग्वान या एकाच बिंदूवर शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ व उलटीसंदर्भात ५९ चाचण्या झाल्या असून त्यांत ७,६६७ व्यक्ती सहभागी होत्या. कॉक्रेनच्या २०१५च्या आढाव्यानुसार या बिंदूच्या उत्तेजनाने त्रास कमी झाला आणि उलटीरोधक औषधांच्या तुलनेत फरक आढळला नाही. मात्र आभासी उपचाराशी केलेल्या तुलनेतील पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही त्यातच नमूद आहे. येथे दावा मर्यादित आहे, बिंदू निश्चित आहे आणि म्हणूनच तो तपासता आला.

भारतीय संदर्भ :

१९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि डॉ. बिजयकुमार बसू हे दोघेही होते. पुढे डॉ. बसू यांनी कोलकात्यात ॲक्युपंक्चरचा प्रसार केला. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसंबंधी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे अभ्यासक्रमात काय शिकवावे, हा प्रश्न येथेही प्रत्यक्षात उभा राहतो. 'पोटासाठी झूसानली' एवढेच पाठ केलेला उपचारक अपेंडिक्सच्या सुजेमुळे होणाऱ्या पोटदुखीतही सुई उचलेल आणि शस्त्रक्रियेस विलंब होईल. छातीच्या किंवा पाठीच्या वरच्या भागातील बिंदूंवर सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. हेगू हा बिंदू गर्भवतींमध्ये टाळावा असे परंपराच सांगते. तक्त्यात या सूचनांसाठी रकाना नसतो.

निष्कर्ष :

चार प्रमुख बिंदूंचे सूत्र हे स्मरणसाधन म्हणून मोलाचे आहे. उपचाराचे प्रमाण म्हणून ते अपुरे आहे. बिंदुनिवडीच्या तक्त्यात प्रत्येक बिंदूपुढे परंपरेचे कारण, उपलब्ध पुराव्याची पातळी आणि निषिद्ध परिस्थिती असे तीन रकाने जोडणे आवश्यक आहे. ज्या ठिकाणी दुसरा रकाना रिकामा राहील, तेथे तो रिकामाच ठेवावा. विद्यार्थ्याला त्या रिकाम्या जागेचे भान देणे, हेच या विषयाच्या अध्यापनाचे पहिले कर्तव्य ठरते.