स्वामीचे बालपण : एका तरुण वाचकाचे टिपण

आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५) ही कादंबरी हरवलेल्या बालपणाची हळवी आठवण मानली जाते. ऐंशीच्या दशकात शंकर नाग यांच्या दूरदर्शन मालिकेने ही समजूत अधिकच गोड केली. बंगळुरात वाढलेल्या माझ्या पिढीला स्वामी त्या गोडव्यातूनच ठाऊक होता. पुस्तकात मात्र निराळाच स्वामी भेटला.

याच शहरात, १९३० च्या विजयादशमीला, आजीच्या घरी नारायण यांनी मालगुडी हे नाव प्रथम कागदावर उतरवले. तेव्हा त्यांना चोवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. बालपण अजून पुरते दुरावले नव्हते; म्हणूनच की काय, येथे स्मरणरंजनाचा धूसर पडदा नाही. मुख्याध्यापकांची छडी, चळवळीच्या लाटेत शाळेच्या काचा फोडून ओढवून घेतलेले संकट, घर सोडल्यावर रानवाटेवरचा अंधार, या साऱ्यांतून भयाची एक अखंड रेषा जाते. नारायण यांचा विनोद ती पुसत नाही, केवळ सुसह्य करतो.

सर्वांत मोठे भय मैत्री तुटण्याचे. क्रिकेटच्या सामन्याला स्वामी पोहोचत नाही आणि राजम त्याच्याशी अबोला धरतो. अखेरीस राजमची गाडी सुटते. स्वामीने आणलेले परीकथांचे पुस्तक त्याच्या हाती पडते, पण क्षमा लाभली की नाही, हे स्वामीला उमगत नाही. गेलेल्या दिवसांसाठी झुरतो तो प्रौढ वाचक. स्वामीचे दुःख एका मित्राचे आहे, आणि ते आजही तितकेच ताजे आहे.