‘सहनशीलता’ आणि ‘व्यसन’ : वेदनाशमनाच्या परिभाषेचा विचार

डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय स्थापिले. १९६२ साली तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि पुढे कराडासही वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली. सातारा-सांगलीकडील रुग्ण या कृष्णाकाठच्या रुग्णालयांत येतो, तो आपले दुखणे मराठीतच सांगतो. म्हणून वेदनाविषयक परिभाषेचा प्रश्न केवळ कोशकारांचा राहत नाही.

कर्करोगाच्या वेदनेसाठी कित्येक महिने मॉर्फिन घेणारा एखादा रुग्ण मांडीचे हाड मोडल्यामुळे शस्त्रक्रियेस आला, अशी कल्पना करू. इतरांस पुरणाऱ्या मात्रेने त्याचा ठणका शमत नाही. या अवस्थेस ‘टॉलरन्स’चा प्रतिशब्द म्हणून ‘सहनशीलता’ योजली, तर अर्थविपर्यास ओढवतो. मराठीत सहनशील तो, जो दुःख सोसतो. येथे शरीराला सोसू लागते ते औषध, वेदना नव्हे. किंबहुना दीर्घ सेवनाने वेदनेची जाणीव कधी कधी अधिकच तीव्र होते.

‘व्यसन’ या शब्दाची गत याहून वाईट आहे. औषध अकस्मात थांबविल्यास घाम, जुलाब, तगमग होणे हे शारीरिक अवलंबित्व. हानी दिसत असताही अनिवार ओढीने सेवन करीत राहणे, हे व्यसन. दोहोंस एकच नाव दिले की वेदनेची तक्रार ही नशेची मागणी ठरते. वस्तुतः अशा रुग्णाची चालू मात्रा सामान्यतः खंडित करावयाची नसते. जखमेच्या वेदनेसाठी निराळी भर घालावयाची, पॅरासिटामॉल, नस बधिर करणे, प्रसंगी अल्प केटामिन यांचे साहाय्य घ्यावयाचे, आणि गुंगी व श्वसन यांवर सतत लक्ष ठेवावयाचे, अशी रीत आहे.

अफूवर्गीय औषधांचे भय अनाठायी आहे, असे मुळीच म्हणावयाचे नाही. श्वसन मंदावून मृत्यूही ओढवतो. तथापि १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातही २०१४ साली दुरुस्ती होऊन, उपचारास आवश्यक अशा औषधांचा वेगळा वर्ग मान्य झाला. कायद्याने केलेला विवेक भाषेने का करू नये?

‘टॉलरन्स’साठी ‘औषध अंगवळणी पडणे’ हा रूढ प्रयोग आपल्याजवळ आहेच. त्यास सुटसुटीत नामरूप नाही, ही त्याची उणीव खरी. पण त्यात रुग्णाची स्तुती नाही आणि निंदाही नाही. परिभाषेने येथे पाळावयाची मर्यादा नेमकी हीच होय.